सावे यांची तक्रार, मापांसकट

तारापूर एमआयडीसीत रसायनांच्या टाक्या बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. तिथे कमलाकांत सावे ड्रॉइंग काढतो. उभ्या टाक्या, आडव्या टाक्या, त्यांना चिकटणाऱ्या नळ्या, वर चढायच्या शिड्या, हे सगळं आधी त्याच्या कॉम्प्युटरवर उभं राहतं आणि मग खाली शेडमध्ये पत्र्याचं होतं. घर पालघरजवळच्या माहीमला. थोडी केळी, थोडी सुपारी आणि पानवेल अशी लहानशी वाडी आहे, ती त्याची बायको ज्ञानेश्वरी बघते. कमलाकांत रोज सकाळी मोटारसायकलने पालघरवरून बोईसरला येतो आणि शेडच्या वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत खिडकीकडची खुर्ची धरतो. ती खुर्ची त्याचीच आहे, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ती दुसऱ्या बाजूला सरकवायचा प्रयत्न एकदा झाला होता. तो यशस्वी झाला नाही.

कमलाकांतचा एक स्वभाव आहे आणि तो त्याला स्वतःलाही नीट माहीत आहे. आयुष्यात जी जी नवी गोष्ट समोर आली तिला त्याने आधी विरोध केला, आणि पुढे तिच्यावाचून त्याचं पान हललं नाही. अठ्ठ्याण्णव साली कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याने मालकांना सांगितलं होतं, की कॉम्प्युटरच्या रेषेत जीव नसतो. पेनाच्या रेषेत माणसाच्या हाताचं वजन उतरतं. दोन वर्षांत अशी वेळ आली, की त्या कॉम्प्युटरला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. मग चाकाचा माउस आला. ते चाक म्हणजे लहान पोरांचा खेळ आहे असं म्हणून त्याने महिनाभर त्याला बोट लावलं नाही. आज ते चाक काढून घेतलं तर तो राजीनामा देईल. हे सगळं तो चहाच्या टपरीवर स्वतःच सांगतो, लोक हसतात, आणि पुढची नवी गोष्ट आली की तो पुन्हा पहिल्यासारखाच खवळतो.

तर एका सोमवारी त्याने कॉम्प्युटर चालू केला आणि त्याला वाटलं, मॉनिटर बिघडला. त्याने केबल हलवून पाहिली. बंद करून पुन्हा चालू केला. मॉनिटरच्या बाजूला एक चापटही मारली.

"दीपिका, इकडे बघ जरा. माझा मॉनिटर गेला."

दीपिका शेजारच्या टेबलावर बसते. मनोरकडची मुलगी, डिप्लोमा करून चार वर्षांपूर्वी लागली, हात चपळ. तिने मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "मॉनिटर ठीक आहे, काका. नवीन व्हर्जन आलंय. माझ्याकडेही तसंच दिसतंय."

ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या बाजूला आयकॉनची, म्हणजे लहान चित्रांची, एक पट्टी असते, टूलबार. एका चित्रावर दाबलं की रेष येते, दुसऱ्यावर दाबलं की वर्तुळ, तिसऱ्यावर दाबलं की नको तो भाग कापला जातो. शनिवारपर्यंत ही चित्रं धण्याएवढी होती आणि पट्टी वर गपगुमान एका ओळीत बसायची. आता एकेक चित्र चिकूएवढं झालं होतं. रंग सगळे गेले होते. नुसत्या करड्या रेघांची, गोलगोल कडांची चित्रं. कापायची कात्री चिंबोरीच्या नांगीसारखी दिसत होती. खोडरबर अंगाच्या साबणासारखा. आणि ह्या सगळ्या पसाऱ्याखाली त्याची टाकी, शनिवारी अर्धी काढून ठेवलेली, खाली दबून अंग चोरून उभी होती.

"हे कुणासाठी केलंय?" कमलाकांतने विचारलं. "चालत्या गाडीतून ड्रॉइंग काढणाऱ्यांसाठी?"

"काका, ते लपवता येतं. वर एक..."

"लपवायचंय कशाला? ज्यांनी हे केलं त्यांनी तोंड लपवावं."

ते वाक्य त्याला इतकं आवडलं की दीपिकाचं पुढचं त्याने ऐकलंच नाही. त्या दिवशी ते वाक्य त्याने आणखी चार जणांना ऐकवलं.

दुपारी अंकुश वर आला. अंकुश वेल्डर आहे. मनोरच्या पलीकडे डोंगराला लागून त्याचा पाडा आहे, भातलावणीला सुट्टी घेऊन घरी जातो आणि लावणी आटपली की परत येतो. त्याला शिडीचं ड्रॉइंग हवं होतं. कमलाकांतने ते द्यायच्या आधी त्याला मॉनिटरसमोर उभं केलं.

"बघ. हे बरं दिसतं का?"

अंकुशने बारकाईने पाहिलं. "ही कात्री हाय ना, साहेब?"

"हो, कात्री आहे. पूर्वीपासून आहे. तू वर येतोस तेव्हा कधी पाहिली नाहीस?"

"नाय ना. पूर्वी मला वाटायचं काचेवर धूळ बसलीय." दोन पावलं मागे सरकून तो म्हणाला, "आता लांबून पण दिसतं. बरंच हाय."

कमलाकांतने त्याला शिडीचं ड्रॉइंग दिलं आणि खाली पाठवलं.

घरी ज्ञानेश्वरी विड्याची पानं मोजून जुड्या लावत होती. त्याने कॉम्प्युटरचा फोटो काढून आणला होता, तो तिला दाखवला. तिने हात पदराला पुसले, फोन घेतला, आणि फोटो राहिला बाजूला, फोनच लांब धरून पाहिला.

"तुमी ह्या फोनात अक्षरं केवढी करून ठेवलीत?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"पोरीचा मेसेज वाचायचा तर चार वेळा बोट सरकवायला लागतं. तुमी केलंत तेव्हा चाललं."

हे खरं होतं. मागच्या पावसाळ्यात मोटारसायकल दुरुस्तीला टाकली होती तेव्हा तो एसटीने येत असे. वसईला दिलेल्या मुलीने सासूच्या स्वभावाबद्दल काही लिहिलं होतं, ते मागच्या सीटवर बसलेल्या केळव्याच्या एका गृहस्थांनी पूर्ण वाचलं आणि शिरगाव फाट्यापर्यंत कमलाकांतला त्यावर सल्ला दिला. सल्ला चांगला होता. तरीही कमलाकांतने अक्षरं लहान केली नाहीत. पण ही गोष्ट वेगळी आणि ती गोष्ट वेगळी, असं त्याने ज्ञानेश्वरीला सांगितलं. कशी वेगळी, असं तिने विचारलं तेव्हा तो हात धुवायला उठला.

सॉफ्टवेअर कंपनीच्या वेबसाइटवर तक्रारी लिहायची जागा होती. दीपिकाने ती त्याला काढून दिली, कारण दिवसभर त्याचं ऐकण्यापेक्षा ते सोपं होतं. जगभरातल्या लोकांनी तिथे लिहिलं होतं: फार मोठे आहेत, कुरूप आहेत, जुने परत द्या. कमलाकांतने पंचवीस-तीस तक्रारी वाचल्या आणि त्याची निराशा झाली.

"सगळे म्हणतात मोठे आहेत. मोठे म्हणजे किती? माप नको? उद्या कुणी मला सांगितलं की टाकी फार मोठी झालीय, तर मी त्याला काय देऊ?"

त्याने स्टोअरमधून व्हर्निअर मागवला. पत्र्याची जाडी मोजायचं ते हत्यार घेऊन तो मॉनिटरसमोर उभा राहिला आणि त्याने कात्री मोजली. रुंदी मोजली, उंची मोजली, दोन चित्रांमधली मोकळी जागा मोजली. जुन्या व्हर्जनच्या स्क्रीनचं एक प्रिंट कपाटात सापडलं, तेही मोजलं. मग त्याने नवीन फाइल उघडली आणि त्या टूलबारचं रीतसर ड्रॉइंग काढलं. समोरून कसा दिसतो ते, वरून कसा दिसतो ते, सगळ्या मापांसकट. एका आयकॉनचा मधून कापून छेदही दाखवला. छेद म्हणजे अर्थातच एक नुसती रेघ होती, आणि तिच्या बाजूला त्याने टीप लिहिली: जाडी शून्य, उपयोगही तेवढाच. खालच्या चौकटीत काम, क्रमांक, काढणाऱ्याचं नाव असं सगळं भरलं. तपासणाऱ्याच्या रकान्यात दीपिकाने सही करावी असा त्याचा आग्रह होता. तिने केली, पण बारीक. खाली अंकुश रेलिंगच्या ड्रॉइंगची वाट बघत होता. त्या दिवशी ते त्याला मिळालं नाही.

ड्रॉइंगसोबत कमलाकांतने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. तीस वर्षं टेंडरची कागदपत्रं वाचून आलेलं ते इंग्रजी होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटावं की माल परत पाठवलाय आणि पंधरा दिवसांत बदलून हवाय.

दोन दिवसांत ते ड्रॉइंग कुठच्या कुठे पोचलं. कुठल्या कुठल्या देशांतल्या ड्राफ्ट्समननी त्याला पसंतीचे अंगठे दिले. बोईसर-तारापूरच्या ड्राफ्ट्समनांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे; एरवी तिथे फक्त सकाळची फुलं आणि नोकरीच्या जाहिराती येतात. तिथे लोक त्याला 'नेते' म्हणू लागले. कमलाकांतने वरवर हसून सोडून दिलं, पण टपरीवर चहा घेताना त्याचा उभं राहायचा थाट बदलला होता आणि ते त्याच्याही लक्षात आलं.

मग कंपनीचा मेल आला. तुमचं ड्रॉइंग आम्ही सगळ्यांनी पाहिलं, तुमच्याशी व्हिडिओवर बोलायचं आहे, तुम्ही काम कसं करता ते पाहायला आम्हाला आवडेल, असं काहीतरी त्यात होतं. कमलाकांतने त्याचा अर्थ असा लावला की कंपनी माफी मागणार आहे.

कारखान्याचे मालक धर्मेशभाई माणूस हौशी. त्यांनी स्वतःची एसी केबिन दिली आणि कमलाकांतचा कॉम्प्युटर उचलून तिथे नेऊन ठेवायला सांगितला. "सावेभाई, बोलता बोलता आपल्या कारखान्याचं नाव पण घ्या हां," एवढंच म्हणाले. कमलाकांतने पुतण्याच्या लग्नातला शर्ट घातला होता. भाषणाचे मुद्दे त्याने एका कागदावर लिहून ते पाठ केले होते. दीपिका मागच्या खुर्चीवर बसली. केबिनच्या काचेबाहेर अंकुश आणि शेडमधले तिघे-चौघे भिंतीवरचा सुरक्षेचा तक्ता वाचत उभे राहिले. तो तक्ता तिथे कित्येक वर्षं आहे आणि आजवर कुणी वाचलेला नाही.

स्क्रीनवर एक तरुण मुलगा आला. "नमस्कार सर, मी दर्पण. मी मूळचा नाशिकचा, आपण मराठीतच बोलू."

कमलाकांतने घसा साफ करून मुद्दा क्रमांक एक सुरू केला. दर्पणने तो पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाला, "सर, बाकीचं आपण नंतर बोलूच. आधी एक करा ना. तुम्ही रोज करता तसं काम करा. मी नुसता बघत बसतो. मी नाहीच आहे असं समजा."

असं समजणं कमलाकांतला शक्य नव्हतं. त्याने मुद्दाम अवघड टाकी निवडली. खाली निमुळती होत गेलेली, अंगावर नळ्याच नळ्या. आणि तो कामाला लागला. माउस उजव्या हातात होता. डावा हात कीबोर्डवर पेटीवाल्यासारखा फिरत होता. दोन अक्षरं की रेष, दोन अक्षरं की वर्तुळ, पुन्हा दोन अक्षरं की नको तेवढं कापून साफ. हाताला काय करायचं ते डोक्याला विचारावं लागत नव्हतं. पाचएक मिनिटांत त्याला पाहणाऱ्यांचा खरोखरच विसर पडला. टाकी उभी राहिली, नळ्या लागल्या, मापं पडली. काचेबाहेर कुणीतरी "वा" म्हटलं. कमलाकांत मागे रेलून बसला.

"सुंदर," दर्पण म्हणाला. "सर, एक विचारू? तुम्ही एवढ्या वेळात एकाही आयकॉनवर क्लिक केलं नाहीत."

"नाही कसं?"

"नाही केलंत. मी रेकॉर्ड केलंय, दाखवू?"

त्याने दाखवलं. माउसचा बाण कागदभर फिरत होता, टाकीच्या अंगावरून खालीवर जात होता, पण वरच्या पट्टीकडे फिरकत नव्हता. एकदा गेला. तो कमलाकांतने कपाळाचा घाम पुसायला हात उचलला तेव्हा धक्का लागून गेला होता.

मुद्दा क्रमांक दोन असा होता, की मोठ्या आयकॉनमुळे काम करताना हात अडखळतो.

"पण ते दिसतात ना," कमलाकांत शेवटी म्हणाला.

दर्पण हसला नाही. "ते खरंय. दिसतात." त्याने काहीतरी लिहून घेतलं. "दिसले की नक्की काय होतं, सर?"

कागदावर ह्याचं उत्तर नव्हतं. कमलाकांतने थोडा विचार केला आणि त्याच्या तोंडून जे आलं त्याचं त्यालाच नवल वाटलं. "टाकीचं झाकण मी नेहमी इथे काढायला घेतो." त्याने मॉनिटरवर बोट ठेवलं. "वर्षानुवर्षं. आता तिथे तुमची कात्री असते. घरी येऊन पाहावं आणि कुणीतरी न विचारता आपलं टेबल आवरून ठेवलेलं असावं, तसं वाटतं. आवरलेलं चांगलंच असेल. पण विचारलं नाही ना."

दर्पणने हेही लिहून घेतलं. मग म्हणाला, "सर, कीबोर्डवरची ही दोन बटणं एकदम दाबा."

कमलाकांतने दाबली. टूलबार गेला. सगळाच गेला. मॉनिटरभर फक्त त्याची टाकी राहिली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"हे नवीन दिलंत?"

"नाही सर. पुष्कळ वर्षांपासून आहे."

मागून दीपिकाचा आवाज आला. "मी पहिल्याच दिवशी सांगत होते, काका."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात."

हे दर्पणनेही ऐकलं आणि काचेबाहेरच्यांनीही ऐकलं. अंकुशने तक्त्याकडे तोंड केलं, पण त्याचे खांदे हलत होते. कमलाकांतने धर्मेशभाईंच्या कारखान्याचं नाव मात्र शेवटी घेतलं, कारण तेवढा एकच मुद्दा शाबूत उरला होता.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर विचारणा सुरू झाली. नेते, काय ठरलं? कमलाकांतने लिहिलं, 'कंपनीने आपल्या म्हणण्याची गंभीर दखल घेतली आहे.' पाठवायच्या आधी त्याने ते दोनदा वाचलं. वाक्यात खोटं काहीच नव्हतं. मग त्याने ते खोडलं आणि झालं तसं सगळं लिहिलं, घामाच्या धक्क्यासकट. खरं बोलल्याचं श्रेय मात्र त्याने स्वतःला कधी दिलं नाही. साक्षीदार फार होते आणि अंकुशच्या तोंडून ते मनोरपर्यंत जाणारच होतं.

मग एकाने लिहिलं, 'मी आज लक्ष ठेवून पाहिलं. मीही दाबत नाही.' मग दुसऱ्याने. तिसऱ्याने कळवलं की तो एकच दाबतो, प्रिंटचा, आणि तो आता पटकन सापडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर पुन्हा फुलं आली.

टूलबार लपवून कमलाकांतने आठवडाभर काम केलं. भरपूर जागा मिळाली. पण एखादी नळी कुठून काढावी सुचत नसलं की त्याची नजर वर जायची, आणि वर काहीच नसायचं. मधल्या दिवसांत त्याला त्या कात्रीकडे बघून मनात दोन शिव्या द्यायची सवय लागली होती, आणि त्या दिल्या की सुचायचं. एका दुपारी दीपिका जेवायला गेली असताना त्याने ती दोन बटणं पुन्हा दाबली. दीपिका परत आली, तिने त्याच्या मॉनिटरकडे पाहिलं, डबा ठेवला आणि कामाला लागली. काही महिन्यांनी कंपनीने लहान, मध्यम आणि मोठे असे तीन आकार दिले. बोईसरच्या दोघा-तिघांनी अभिनंदनाचे फोन केले. कमलाकांतने अभिनंदन स्वीकारलं. मॉनिटरवर मध्यम आकार ठेवला.

एवढ्यावर हे संपायला हरकत नव्हती. पण त्या व्हिडिओनंतर अंकुशची भीड जरा चेपली होती. एक दिवस तो ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन वर आला आणि दारातच घुटमळला.

"साहेब, एक बोलू का? रागावू नका."

"बोल."

"तुमच्या ड्रॉइंगवरचे आकडे लय बारीक हाय. खाली उजेड कमी. वाकून वाकून बघाय लागतं, कधी आठाचा तीन वाचतो माणूस."

कमलाकांतचे बारीक आकडे म्हणजे त्याचा अभिमान होता. पेनाच्या काळापासून त्याचे आकडे मोत्यासारखे मानले जात, आणि कॉम्प्युटरवरही त्याने ते तेवढेच ठेवले होते. त्याच्या तोंडात आलं, सवय होईल. ते त्याने गिळलं.

"इतकी वर्षं कुणी बोललं नाही ते?"

"कुणी विचारलं नाय ना."

कमलाकांतने आकडे मोठे केले. त्याला ते पाहवेनात. नवं ड्रॉइंग त्याला पोरांच्या अंकलिपीसारखं वाटलं. पण अंकुश खूश झाला, शेडमधल्या बाकीच्यांनीही माना हलवल्या, आणि सगळं सुरळीत झालं असं वाटत असतानाच चौथ्या दिवशी भगवंत जिना चढून वर आले.

भगवंत म्हणजे शेडमधले सगळ्यात जुने फिटर; मूळचे जळगावकडचे, औष्णिक वीज केंद्रात ठेकेदाराकडे काम करून मग इथे लागलेले. ते सहसा वर येत नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. त्यांनी ड्रॉइंग कमलाकांतच्या टेबलावर पसरलं आणि तळहाताने सपाट केलं.

"सावेसाहेब, हे काय करून ठेवलंय? जिकडे तिकडे आकडेच आकडे. नळी कुठे आहे तेच दिसत नाही. आधीचं काय वाईट होतं?"

दीपिकाने माउस सोडला आणि खुर्ची वळवली.

कमलाकांतच्या डोक्यात उत्तरं तयार होती. खाली उजेड कमी आहे. बाकीच्यांना आवडलंय. तुम्ही एकटेच म्हणताय. त्याने भगवंतांकडे पाहिलं, त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि स्वतःची खिडकीकडची खुर्ची त्यांना सरकवली.

"बसा. कुठली नळी दिसत नाही, ती दाखवा."

भगवंत बसले आणि त्यांनी दाखवायला सुरुवात केली. एक नळी नव्हती, सात होत्या. प्रत्येकीचा आकडा कुठे असायला हवा ह्याबद्दल त्यांचं मत होतं, आणि ते सांगताना मधेच औष्णिक केंद्रातल्या जुन्या ड्रॉइंगची आठवणही निघत होती. कमलाकांत त्यांच्या बाजूला उभा राहून पेन्सिलीने एकेक आकडा टाकीच्या बाहेर काढत होता आणि तिथून नळीपर्यंत रेघ ओढत होता. दोनदा त्याला मधेच बोलावंसं वाटलं. दोन्ही वेळा दीपिका त्याच्याकडे बघत होती.

तासाभराने धर्मेशभाई वर आले आणि टाकीचं काम का थांबलं ते विचारू लागले.

"भगवंत बोलताहेत," कमलाकांत म्हणाला. "त्यांचं पुरं होऊ द्या."